पदरची माहिती

कृष्णातच्या चुका मी तांबड्या पेन्सिलीनं मोजत होते, आणि तिसऱ्या रविवारी माझ्या लक्षात आलं की त्या जवळजवळ सगळ्या एकाच जातीच्या आहेत.

कृष्णात माझा धाकटा दीर. लग्न होऊन मी रहिमतपूरच्या अलीकडल्या आमच्या वाडीत आले तेव्हा तो जन्मलाही नव्हता. पुढं दोन वर्षांनी झाला, आणि सासूबाईंची तब्येत धड नसायची म्हणून माझ्याच कडेवर वाढला. त्याला भावजी म्हणणं मला कधी जमलं नाही. मी किस्नाच म्हणते. सासरे लौकर गेले. त्यामुळं वडील म्हणायचं तर थोरला भाऊ, म्हणजे आमचे सुभेदार, आणि तेही वर्षातून दोन महिने. बाकीचे दहा महिने ते पलटणीत आणि त्यांचा वचक घरात.

किस्ना सांगलीच्या कॉलेजातून इंजिनियर झाला, आणि झाल्याझाल्या त्याच्या डोक्यात अहमदाबाद शिरलं. तिथं म्हणे कारखाने कसे चालवायचे ते शिकवतात. त्यासाठी वेगळी शाळा काढलीय हे सासूबाईंना पटलंच नाही. "चालत्यात की आपापले," म्हणाल्या. पण त्याला तिथंच जायचं होतं, आणि आत शिरायचं तर डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी पुण्याला परीक्षा होती. साल चौऱ्याहत्तर.

जूनमध्ये मी सुभेदारांना आसामच्या पत्त्यावर पत्र टाकलं. "त्याला एकदा बसू द्या. नाहीच झालं तर तुम्ही सांगाल तिथं तो चिकटेल. शब्द माझा." पंचवीस वर्षांच्या संसारात मी नवऱ्याला दिलेला हा पहिला लेखी शब्द. महिन्यानं उत्तर आलं: "ठीक. एकदाच." 

त्या परीक्षेतला एक भाग मोठा विचित्र. गणित असायचं, पण सोडवायचं नसायचं. वर प्रश्न, खाली माहितीची दोन वाक्यं, आणि आपण एवढंच सांगायचं की या माहितीवर उत्तर निघेल का. एकट्या पहिल्या वाक्यावर निघत असेल तर ए. एकट्या दुसऱ्यावर निघत असेल तर बी. दोन्ही जोडल्यावर निघत असेल तर सी. दोन्हीपैकी कुठल्याही एकावर निघत असेल तर डी. आणि दोन्ही जोडूनही निघत नसेल तर ई. म्हणजे माहिती अपुरी आहे, सांगता येत नाही.

किस्नाचा दोस्त धन्यकुमार, सांगलीतल्या हळदीच्या व्यापाऱ्याचा मुलगा, त्याच्याकडं असल्या गणितांचं एक अमेरिकन पुस्तक होतं. आठवडाभर किस्ना त्याच्या माडीवर राहून गणितं वहीत उतरवायचा आणि शनिवारच्या गाडीनं घरी यायचा. उत्तरं धन्यकुमार वेगळ्या कागदावर लिहून, लखोटा चिकटवून माझ्या नावानं पाठवायचा. रविवारी मी गजराचं घड्याळ पुढ्यात घेऊन सोप्यात बसायची. वीस गणितं, पंचवीस मिनिटं. मग लखोटा फोडायचा आणि तपासायचं. माझी शाळा चौथीत सुटली. पुढची इंग्रजी अक्षरं मी मुलीच्या पाचवीच्या पुस्तकातून उचललेली. इथं पाचच लागत होती, तेवढी भरपूर झाली.

तर त्या तिसऱ्या रविवारी मी तिन्ही आठवड्यांचे कागद शेजारी शेजारी मांडले. साठ गणितांत सतरा चुका. त्यातल्या चौदा ठिकाणी धन्यकुमारच्या कागदावर ई होता.

"किस्ना, तू ई लिहीतच न्हाईस."

"लिहितो की."

"कुठं? साठात एक दाखव."

त्यानं वही उलटी-सुलटी केली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"आता ह्ये बघ," मी म्हणाले. "दोन नळ एकदम सोडल्यावर टाकी किती वेळात भरंल? एक, मोठ्या नळाला लहान्याच्या दुप्पट पाणी येतं. दोन, टाकीत हजार लिटर पाणी मावतं. तू लिहिलंयस सी. कशी भरली तुझी टाकी?"

"लहान्या नळाला मिनिटाला दहा लिटर धरलं. मग मोठ्याला वीस. दोन्हीचं तीस. हजाराला—"

"दहा कुणी सांगितलं?"

"साधारण तेवढंच येतं, वैनी."

"आपल्या वाडीत नळच न्हाई. तुला काय ठाऊक किती येतं?"

सासूबाई दाराशी शेंगा फोडत होत्या. "येवढी माणसं हायती गावात," त्या म्हणाल्या, "कुणाला तरी इचारा की किती येतं त्ये. डोकं कशाला फोडताय?"

"ह्ये दहा लिटर तुझ्या पदरचं हाय," मी किस्नाला म्हणाले. "पुस्तकात न्हाई. जिथं माहिती कमी पडती, तिथं तू पदरचं घालतोस आणि गणित सोडवून मोकळा होतोस. चौदाच्या चौदा ठिकाणी त्येच केलंयस."

"मग काय सोडून देऊ? कायतरी लिवायला नको का?"

त्याच्या त्या 'कायतरी'वर मला सगळं उमगलं, आणि उमगल्यावर जास्तच भीती वाटली. कारण हा दोष गणिताचा नव्हता, आमच्या घराचा होता.

आमच्या घरात 'माहीत नाही' म्हणायची सोय नाही. सुभेदारांचा कायदा. किस्ना सात वर्षांचा असताना ते रजेवर आले होते. त्यांनी विचारलं, "म्हशीनं सकाळी किती दूध दिलं रं?" पोरगा म्हणाला, "माहीत न्हाई." सुभेदारांनी त्याला खळ्याभोवती पाच फेऱ्या पळवलं, आणि प्रत्येक फेरीला विचारलं, "किती?" पाचव्या फेरीला पोरगं रडत म्हणालं, "चार शेर." तेव्हा त्याला पाणी मिळालं. म्हैस त्या महिन्यात आटलेली होती, ते त्यांना मागनं कळलं, पण ते म्हणाले, "चुकला तर चुकू दे. जवाब दिला पायजे. माहीत न्हाई म्हननाऱ्याच्या मागं मानसं मरत्यात." लढाईतलं मला कळत नाही. पण त्या दिवसापासून आमच्या घरात कुणालाही काहीही विचारा, उत्तर मिळतं. वडूजची एस.टी. किती वाजता, पाटलाच्या बैलाचं वय काय, औंदा पाऊस किती. एका पाव्हण्यानं पुण्याच्या गाडीची वेळ विचारली तर सासूबाईंनी अशी ठाम साडेतीन सांगितली की तो जेवला, निवांत झोपला, आणि दोनला गेलेल्या गाडीसाठी साडेतीनला ठेसनात पोचला. मग मुक्कामाला आमच्याकडंच राहिला.

असल्या घरातल्या पोरानं ई लिहायचा कसा? आणि नाही लिहिला तर दर वीस गणितांमागं पाच गेलीच. त्या पाचांत पुण्याला हजार पोरं पुढं निघून जातील. हा हजाराचा आकडाही माझ्या पदरचाच, पण भीतीला कोण हिशेब विचारतं.

दिवाळीला किस्ना दहा दिवस घरी होता. मी म्हटलं, आता वहीतलं राहू दे. आधी तोंडाला सवय लागली पाहिजे. घरात जे जे विचारलं जाईल, त्याचं उत्तर नक्की ठाऊक नसेल तर 'सांगता येत नाही' असंच म्हणायचं.

"आईपुढं?"

"आईपुढं पैलं."

वसुबारसेच्या सकाळी सासूबाईंनी विचारलं, "दोन भाकरी खाणार का तीन?"

किस्नानं माझ्याकडं पाहिलं. "सांगता येत न्हाई."

"आँ?"

"दोन खाल्ल्यावर भूक ऱ्हाती का त्ये बघून सांगतो."

सासूबाईंनी दोनच थापल्या. दुपारी त्यांनी विचारलं, मळ्यात पाणी पोचलं असंल का? सांगता येत न्हाई. सांजच्याला, उद्या थंडी पडंल का? सांगता येत न्हाई. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला चुलीपाशी गाठलं. "विजयमाला, पोराला कुणीतरी कायतरी केलंय. सांगलीला त्या माडीवर काय खायला घालत्यात?"

"आवं आत्याबाई, ती जैन माणसं हायती. कांदासुद्धा घालत न्हाईत."

"त्येच म्हणते मी. कांद्याबिगर डोकं कसं चालंल?" आणि मीठ-मिरच्या घेऊन त्यांनी त्याची दृष्ट काढली. मिरच्यांचा खकाणा उठला नाही, म्हणजे दृष्ट जबर होती असं ठरलं. खरं खोटं त्यांना विचारायची सोय नव्हती. त्यांनी ठामच सांगितलं असतं.

भाऊबीजेनंतर मी पुन्हा वीस गणितं मांडली. घड्याळ लावलं. या वेळी किस्ना भराभर लिहीत होता, कपाळाला आठी नव्हती. माझ्या मनाला बरं वाटलं. मग लखोटा फोडला. वीसात चार ठिकाणी ई हवा होता. चारही त्यानं बरोबर लिहिले होते. पण एकंदर ई लिहिले होते नऊ.

"जॉन मेरीपेक्षा तीन वर्षांनी मोठा हाय," मी वाचलं. धन्यकुमारच्या त्या अमेरिकन पुस्तकातली माणसं सगळी अशीच. "दोघांच्या वयांची बेरीज एकतीस. जॉनचं वय किती? ह्येला ई?"

"मला वाटलं, अजून कायतरी लागंल."

"काय लागंल? जन्मपत्रिका? जॉन सतरा, मेरी चौदा. शेंबडं पोर सांगंल."

"कुणाची सोयरीक चाललीया?" सासूबाईंनी आतून विचारलं. "पोरगी बारकी हाय का?"

किस्ना हसला नाही. पेन्सिल खाली ठेवून तो म्हणाला, "वैनी, आदी मला सगळंच येत होतं. आता कायबी येत न्हाई असं वाटायलंय." आणि उठून मळ्याकडं गेला.

मी त्या कागदाकडं बघत बसले. चांगल्या चालत्या पोराला मी शहाणपणा करून अडवलं की काय? आधी तीन आठवड्यांत सतरा चुका होत्या, म्हणजे आठवड्याला पाच-सहा. आताही पाचच. सगळा खटाटोप करून मी फक्त चुकांची जागा बदलली होती. परीक्षेला अडीच आठवडे उरले होते.

आणि त्या शुक्रवारी सुभेदार रजेवर आले.

येताना त्यांनी एक पत्र आणलं होतं. त्यांच्या पलटणीतले एक मेजरसाहेब पेन्शनीत निघून सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात मोठ्या जागेवर बसले होते. त्यांनी लिहिलं होतं, की तुमच्या भावासाठी इंजिनियरची जागा राखून ठेवली आहे. गाळप सुरू झालंय, माणूस लगेच हवा. मंगळवारपर्यंत हो किंवा नाही कळवा. गाळपात रजा मिळत नाही, म्हणजे जागा घेतली तर परीक्षा गेली. सुभेदारांनी पत्र देवळीत ठेवलं आणि दोन दिवस त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. मला तर ते पत्र भिंतीतून दिसायचं.

सोमवारी सकाळी ते ओट्यावर दाढी करत होते. खुंटीला आरसा, पाटावर गरम पाण्याचा तांब्या. मी चहा घेऊन दारात आले तेवढ्यात त्यांनी किस्नाला हाक मारली. तो समोर येऊन उभा राहिला. तेवीस वर्षांचा इंजिनियर, पण हात आपोआप मांड्यांना चिकटलेले.

"परीक्षेत पास व्हणार का?"

किस्ना तांब्यातल्या वाफेकडं बघायला लागला.

"सरळ इचारतोय. व्हय म्हनलास तर मेजरसाहेबाला न्हाई कळवतो. न्हाई म्हनलास तर उद्या पेटी घिऊन कारखान्यावर. व्हय का न्हाई?"

सुभेदारांची माझ्याकडं पाठ होती. मी दारातून किस्नाला मान हलवून खुणावलं, हो म्हण. दहा दिवस मी त्याला जे शिकवलं होतं ते सगळं एका क्षणात गुंडाळून मी खुणावत होते, हो म्हण गाढवा, हो म्हण, एवढ्यानं काम होतंय.

किस्ना म्हणाला, "सांगता येत न्हाई, आण्णा."

वस्तरा गालावर थांबला. एक गाल साफ, एक फेसाचा.

"म्हंजी?"

"माझी तयारी किती झाली ती मला ठाऊक हाय. जागा किती हायत त्ये छापून आलंय. पर दुसरी पोरं किती बसणार, त्यांची तयारी काय, ठाऊक न्हाई. येवढ्यावर जवाब निघत न्हाई."

"अंदाज सांग मग."

"अंदाज माझ्या मनचा असंल. तुमी त्येच्यावर जागा सोडणार. मनचं सांगून तुमाला जागा सोडायला लावणार न्हाई मी."

सुभेदार आरशात बघत राहिले. गालावरचा फेस सुकून पांढरी पपडी धरायला लागली. माझ्या हातातला चहा निवला. खळं समोरच होतं. माझ्या मनात आलं, आता हे या वयाच्या पोराला पळवतात की काय.

"आणि तू गं," ते आरशातून म्हणाले, "मागं उभी ऱ्हाऊन मुंडी कशाची हलवत होतीस?"

मी काय बोलणार? "माशी होती," म्हणाले.

"मोठी दिसती." त्यांनी तांब्यात वस्तरा बुडवला. "ती माहिती कळंल कवा?"

"परीक्षेला बसल्याबिगर न्हाई कळत," किस्ना म्हणाला.

"हं." दुसरा गाल झाला. तोंड पुसत ते म्हणाले, "उद्या मीच जातो सांगलीला. मेजरसाहेबाला समक्ष सांगतो, पंधरा दिवस थांबा. भला माणूस हाय. थांबंल."

किस्नाचे खांदे एवढे खाली आले की मला तो बुटका वाटला. मी आत जाऊन चहा पुन्हा गरम केला आणि त्यात दोनदा साखर घातली. परीक्षा झाली असती, आणि पेपर नाही जमला तर जागाही राहिली असती.

मंगळवारी सकाळच्या गाडीनं ते सांगलीला गेले, कडक इस्त्रीचे कपडे घालून. दिवेलागणीला परत आले. बूट काढायला ओट्यावर बसले. किस्ना पाण्याची बादली घेऊन उभा, मी दारात, सासूबाई माझ्या मागं.

"भेटलं का साहेब?" मी विचारलं.

"भेटलं. च्या पाजला. घरचं समद्यांचं इचारलं." एक बूट निघाला. "मग म्हनले, सुभेदार, पोरगं येणार का न्हाई?"

"मग?"

"मग काय." दुसऱ्या बुटाची नाडी त्यांच्या हातात गुंतली होती. "त्या मानसापुढं मी सव्वीस वर्षांत कवा माहीत न्हाई म्हनलेलं न्हाई. तोंडातनं निघंना. लय जोर केला. सांगता येत न्हाई म्हणू? त्यांच्यापुढं? टेबलापलीकडनं बघत व्हते माझ्याकडं."

"मग काय म्हनलात?" किस्नाचा आवाज अगदी बारीक आला.

"न्हाई म्हनलं. येणार न्हाई. जागा दुसऱ्याला द्या."

मग सासूबाई म्हणाल्या, "बरं केलंस सयाजी. जवाब कसा रोखठोक पायजे."

मला हसावं की रडावं कळेना. माझ्या लेखी शब्दाचा उत्तरार्ध, नाहीच झालं तर तुम्ही सांगाल तिथं तो चिकटेल, तो सुभेदार स्वतः सांगलीला जाऊन, चहा पिऊन मोडून आले होते. आता तिथं चिकटायला काही उरलं नव्हतं. पुण्याची परीक्षा, आणि तिच्या मागं नुसता वारा.

किस्नानं बादली खाली ठेवली. चेहरा पांढरा पडला होता. सुभेदार त्याच्याकडं न बघता पाय धूत राहिले. पाय धुणं नेहमीपेक्षा बरंच लांबलं.

मग ते आत आले, सोप्यात बैठकीवर बसले आणि मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेतलं. "गणितं लाव तुजी. बघू दे."

"आत्ता?" मी म्हणाले.

"आत्ता. कंदील हिकडं घे."

किस्ना बसला. सुभेदारांनी "चालू" म्हटलं ते असं, की सासूबाईंच्या हातातलं सूप हललं. दर पाच मिनिटांनी सुभेदार वेळ पुकारायचे, आणि दर वेळी किस्नाच्या हातातली पेन्सिल दचकायची. शेवटी लखोटा फोडून मी तपासलं. नऊ चुका. इतक्या कधीच झाल्या नव्हत्या. काही ई नको तिथं, काही हवा असून नाही, आणि दोन तर साध्या बेरजेच्या, ज्या तो झोपेत करतो.

"नऊ," मी म्हणाले. खोटं बोलून भागलं नसतं. सुभेदार कागदावर वाकले होते.

"वीसात?"

"वीसात."

किस्ना उठला आणि तोंड धुवायला मागल्या हौदाकडं गेला. त्याच्या पाण्याचे हबके ऐकू येत होते, एकामागून एक, थांबतच नव्हते.

सुभेदारांनी घड्याळ पुन्हा मनगटाला बांधलं. पट्ट्याचं भोक त्यांना लौकर सापडलं नाही. मग माझ्याकडं न बघता, आवाज अगदी खाली आणून, आयुष्यात पहिल्यांदाच मला एवढ्या हळू आवाजात त्यांनी विचारलं, "व्हईल का गं पोरगं पास?"

मी त्या नऊ तांबड्या खुणांकडं पाहिलं. मागल्या दाराकडं पाहिलं.

"व्हईल," मी म्हणाले.

"असं?"

"व्हईल म्हणते न्हवं."

त्यांनी मान हलवली, पाय पसरले आणि चहा मागितला. त्यांचं तेवढ्यावर भागलं. मी चुलीपाशी गेले, आधण ठेवलं, आणि ते उकळून निम्मं झालं तरी पत्ती घालायची मला आठवण झाली नाही.